अष्टेकरांच्या टेन्सरची वाटणी

अष्टेकर बंधूंनी वडिलांमागे राहिलेला टेन्सर टेम्पोत घालून वाटणीसाठी मिरजेला आणला. आकड्यांचा तो ठोकळा दारातून जेमतेम आत आला. टेन्सर फोडून देणाऱ्या वैजयंतीबाई खांडेपारकरांनी तो तिन्ही बाजूंनी न्याहाळला. कुठूनही पाहिला तरी सारखाच. असा टेन्सर फोडताना प्रत्येक तुकड्यातही तो सारखेपणा राखावा लागतो, आणि त्यात बाईंचा हातखंडा होता.

थोरले वामनराव म्हणाले, दोनच तुकडे हवेत. धाकट्या नीळकंठानं मान डोलावली. दोघांचं एकमत व्हावं अशी एवढीच गोष्ट उरली होती.

बाईंनी काम सुरू केलं. दोन तुकडे निघाले, पण त्यांची बेरीज मूळ टेन्सरशी जुळेना. जुळवत जावं तसे ते फुगू लागले, एक अधिक, दुसरा वजा. एकानं खिडकी झाकली, दुसऱ्यानं कपाट भिंतीत दाबलं. बेरीज मात्र मुळाच्या जवळ सरकत राहिली, पोचली नाही. दोघे भाऊ आपापल्या तुकड्याला टेकून तोंडं फिरवून उभे होते. बाईंनी अशी घरं पाहिली होती. त्यांनी हात थांबवला, तसे तुकडे पुन्हा एकमेकांत मिटले.

"दोनात हा कधीच फुटायचा नाही," त्या म्हणाल्या. "तिनात आत्ता फुटेल."

तिसरा कुणाचा, असं वामनरावांनी विचारलं. ते मी कसं सांगणार, असं बाई म्हणाल्या. मग नीळकंठ भावाकडे न बघता म्हणाला, "अक्का सांगलीतच असते."

अक्कानं जातीबाहेर लग्न केल्यापासून त्या घरात या बहिणीचं नाव निघत नव्हतं. वामनराव स्वतः जाऊन तिला घेऊन आले.

टेन्सर तिनात अलगद सुटला. भावांचे तुकडे सारखेच, अक्काचा त्यांच्या दुप्पट. आणि त्यावर वजाची खूण. नीळकंठ ओशाळला. अदलाबदल करता येईल का, असं बाईंना विचारू लागला.

"राहू दे," अक्का म्हणाली. "त्या घरात मी वजाच होते."

बाईंनी तुकडा उचलून उलट्या तोंडानं ठेवला. "तीन बाजूंचा आहे. दिशा फिरवली की तिन्ही बाजूंचे वजा गुणून एक वजा, तो हा वजा पुसतो. मग हाच अधिक."

अक्का तुकड्याकडे बघत राहिली. मग हा घरी कुठं ठेवायचा असतो, असं तिनं हळूच विचारलं.

"बाबा देवघराशेजारी ठेवायचे," वामनराव म्हणाले. "ऊन लागू देऊ नकोस."