दिवाकरभाऊचे चणे

चंद्रपूरला एम.एस्सी. करताना आम्ही ज्या खोलीत राहायचो, तिथल्या घरमालकीणबाईंचा खराटा महिन्याभरात अर्धा व्हायचा. त्यांचा संशय उंदरांवर होता. खरा गुन्हेगार माझा खोलीसोबती दिवाकरभाऊ. कागदावर काढलेला रेणू त्याच्या डोक्यात शिरत नसे. म्हणून तो भिजवलेले चणे खराट्याच्या काड्यांना टोचून रेणू उभे करायचा. चणा म्हणजे कार्बन, वाटाणा म्हणजे ऑक्सिजन. हायड्रोजन गृहीत धरायचे. तेवढे मूग टोचत बसायला वेळ कोणाला?

दिवाकरभाऊ कुरखेड्याकडचा, वर्गात सगळ्यांहून सहा वर्षांनी मोठा. बी.एस्सी. करून धानाच्या शेतात राबला आणि मग पुन्हा शिकायला आला. त्यामुळे सगळा वर्ग त्याला भाऊ म्हणे. सरांच्याही तोंडून एकदोनदा निसटलं होतं. काहीही दिसलं की त्याचं वाक्य ठरलेलं, "कोन कोनाले धरून हाये, ते पाह्य आधी." मग ते बेन्झिन असो, नाहीतर मेसमधली भांडणं.

खोलीत फळीवर रेणू, खिडकीत रेणू. उसळ करायची म्हटली की तो आडवा यायचा, परीक्षा होऊ दे म्हणायचा. एकदा पेपर संपल्यावर आम्ही कोलेस्टेरॉलची उसळ केली. सत्तावीस चणे आणि एक वाटाणा. दोघांत दोन घासही झाले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीआधी मात्र त्यानं काड्या सोडून सुईदोरा घेतला. आठवडाभर चण्यांच्या दोन माळा ओवत बसला. प्रत्येकीत एकशे सेहेचाळीस दाणे, आणि सहाव्या जागी चण्याऐवजी वाटाणा. जपाला बसणार का भाऊ, म्हणून मी चिडवलं. तो हसला नाही.

प्रत्येक माळ म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनची एक साखळी होती, आणि एकेक दाणा तिची एक कडी. सहाव्या जागची एक कडी बदलली की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात. सिकलसेल म्हणतात तो आजार. त्याच्या धाकट्या बहिणीला, सुमनला, तो होता. लहानपणापासून तिचे हातपाय ठणकत, आणि दर वेळी बाबा आईला ऐकवत, हे दुखणं तुझ्या माहेरचं. दवाखान्यात सिस्टरनं नीट समजावलं होतं. आईनं मान हलवली होती. बाबा आत गेलेच नव्हते. आता माळा दाखवून त्याला तेच बाबांना समजवायचं होतं.

एवढं सांगायला एम.एस्सी. कशाला, मी विचारलं.

"बी.एस्सी. झाल्यावर सांगून पाह्यलं. बाबा म्हनले, तुले काय समजते."

सुट्टीत मी त्याच्याबरोबर गावी गेलो.

बाबा अंगणात दोर वळत होते. सुमन शेजारी गेल्याचं पाहून दिवाकरभाऊनं माळा त्यांच्या हातात दिल्या. एरवी प्रत्येक गोष्टीवर बोलणारा हा माणूस तेव्हा अडखळत होता.

"बाबा, दोन्ही माळा अशा असल्या, तरच सुमनसारखं होते. एक तिले मायकडून आली." त्यानं दुसऱ्या माळेला बोट लावलं. "दुसरी तुमच्याकडून."

आता माळा भिंतीवर आदळणार, असंच मला वाटलं. बाबांनी बोटानं सहापर्यंत दाणे मोजले. मग दुसऱ्या माळेचे मोजले.

"मंग मले काऊन नाई दुखत?"

"तुमची दुसरी चांगली हाये, ते सांभाळून घेते. मायची बी तसीच. सुमनले दोघांचीबी खराब आली."

बाबांनी माळा मांडीवर ठेवल्या. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"सुमनची माय, मी इतके वर्स बोललो. तू उलटून काऊन नाई बोलली?"

"काय बोलू? मले बी तसंच वाटे."

दिवाकरभाऊचा चेहरा उतरला. इतकी वर्षं तो समजत होता, आईला खरं ठाऊक आहे, ती फक्त सोसते आहे. तो उठला, दारात तिच्याजवळ जाऊन बसला आणि सगळं पहिल्यापासून सांगू लागला, अगदी हळू. या वेळी तिनं नुसती मान हलवली नाही. मधेच त्याला थांबवून विचारलं, "मंग म्या काई केलं नाई ना पोरीले?"

आमच्या वर्गात सगळ्यात जास्त बोलणारा माणूस नुसता तिचा हात धरून बसला.

अंगणातून बाबाच म्हणाले, "नाई."