ड्रोननं खचवलेलं घर

मी जमीन वरून मोजतो. साखळी, टेप, बांधावरची भांडणं, यातलं काही मला लागत नाही. ड्रोन सोडायचा, फोटो घ्यायचे आणि संगणकाला उंच-सखल विचारायचं. संगणक खोटं बोलत नाही, हे मी पणजीच्या कचेरीत रोज कुणाला तरी ऐकवतो.

तेच धारगळला सगुणकाकांना ऐकवलं. त्यांच्या तनयासाठी माझं स्थळ आलं होतं आणि तनया मला फोटोतच आवडली होती. काका म्हणाले, "मगे आमच्या बागेतला पावसाचा पाणी खंयसून व्हांवता, ता सांगशात?"

रविवारी सकाळीच कारापूरहून निघालो. बागेत आणि अंगणात काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या चादरी अंथरल्या, प्रत्येकीची उंची मोजून घेतली. या खुणा धरूनच संगणक बाकीचं सगळं मोजतो. मग तनयाच्या आईनं, पद्मावतीकाकूंनी, पाव-भाजी पुढे केली. होणाऱ्या जावयानं नाही म्हणायचं नसतं. भरपूर खाऊन ड्रोन उडवला.

दुपारी लॅपटॉपवर चित्र आलं. घर जवळजवळ एक मजला खड्ड्यात होतं. दुसरा कुणी असता तर उठून एकदा घराकडे बघून आला असता. मी आत्मविश्वासानं म्हणालो, "काका, घर खचलंय."

सगुणकाका धाकट्या भावाकडे वळले. घर या विठ्ठलकाकांनीच उभं राहून बांधून घेतलेलं.

"तुज्या गवंड्यान पायो चिऱ्यांनी भरल्लो काय शेणान?"

"माजो गवंडी तसो न्हय."

"संगणक सांगता मरे!"

पद्मावतीकाकूंनी देव्हाऱ्यातले देव पदरात घेतले आणि तुळशीकडे नेऊन ठेवले. विठ्ठलकाकांनी चपला घातल्या. "ह्या घरात परत पांय घालचों ना," म्हणाले आणि फाटकापर्यंत गेले. दोन सख्खे भाऊ माझ्या एका वाक्यानं तुटत होते आणि मी चित्र मोठं करून खड्डा नीट दाखवत होतो.

तनया मागून वाकून बघत होती. तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"टेरेसार ही तुमचीच चादर न्हय?"

होती. अंगणातली चादर टेरेसवर, आणि तिच्या कडेनं भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सालं.

"इतकी बरी चादर, कोंबयो घाण करतल्यो," काकू म्हणाल्या. "म्हणान वयर हातरली, सोलां सुकत घालूंक. वायट केला काय?"

वाईट काहीच नव्हतं. मे महिन्यात पेडण्यात उन्हात रिकामी चादर दिसली की तिच्यावर सोलं पडणारच. संगणकानं मात्र टेरेसलाच अंगण मानलं आणि घर खाली ढकललं.

देव परत आत गेले. विठ्ठलकाका आले, पण चपला घालूनच बसले. शेवटी सगुणकाकांनी लेकीला विचारलं, "मगे? स्थळाचा काय सांगूया तेंका?"

मी मान खाली घातली. तसं बसायची मला सवय नाही.

"वयल्यान बरे दिसतत," तनया म्हणाली. "लागींच्यान पळयतां. मागीर सांगतां."

तेव्हापासून जवळून बघून घ्यायला दर रविवारी मी धारगळला जातो आणि टेरेसवर चढून सोलं उलटतो. खाली अंगणात खुर्ची टाकून तनया बसलेली असते. सध्या मोजणी खालून वर चालू आहे.