शोभामावशीचा हॉर्न

शोभामावशीच्या रिक्षाला आरसा नाही, छताला तीन ठिगळं आहेत, पण हॉर्न ट्रकचा आहे. मोताळ्याच्या शाळेत खेड्यातल्या पोरी पोचवणारी ही बाई दारासमोर थांबते आणि पोरगी दप्तरासकट बाहेर येईस्तोवर हॉर्न वाजवते. पोरीला ताप आहे म्हटलं, तर उतरून कपाळाला हात लावून बघते. "पोरगी दाखवा, मंग हॉर्न बंद." गावातले पुरुष तिला भोंगाबाई म्हणतात. म्हणोत. त्यांच्या झोपेपेक्षा पोरींची शाळा मोठी आहे.

पलीकडच्या वस्तीवरच्या नऊ पोरी अजून घरीच आहेत, म्हणून दुसरी रिक्षा हवी. असं काम उभं करणाऱ्यांना मदत देणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेचा अर्ज मी आणला. 'कामाची पद्धत?' मी वाचलं.

"लिही, हॉर्न."

'मुख्य अडचण?'

"लिही, बाप."

खाली सरपंचांची शिफारस मागितली होती. माझं डोकंच फिरलं. ज्यांच्या दारात हॉर्न वाजवायचा, त्यांचीच सही आणायची? मावशी म्हणाली, "काऊन तापतं बे? आणू ना सही."

सहीसाठी गेलो त्या सकाळी संस्थेच्या मॅडमही काम बघायला रिक्षात होत्या. सरपंच चष्मा लावून, पेन उघडून ओट्यावर बसलेले. त्यांची नववीतली मुलगी आठ दिवसांपासून मामाच्या गावी गेली होती म्हणे. तिच्या चपला मात्र दारातच होत्या. मावशीने त्या पाहिल्या, रिक्षात जाऊन बसली आणि हॉर्न दाबला.

सरपंचांनी पेनाला टोपण लावलं. "शोभाबाई, पोरीले पाहुणे पाहून राह्यले. हॉर्न थांबवा, नाहीतं सही इसरा."

मावशीचा अंगठा हॉर्नवरून हलला नाही. मॅडमनी कान झाकले. आणि मुलींच्या शिक्षणात 'तडजोड नाही' असं पत्रकांत छापणारा मी तिचा दंड धरून म्हणालो, "मावशी, आज राहू दे." तिने माझा हात बाजूला केला.

पोरगी आली. दप्तर छातीशी, एका पायात चप्पल, दुसरी हातात.

रिक्षातच शिफारशीच्या रिकाम्या चौकटीत त्या पोरीने स्वतःचं नाव लिहिलं. मंजुरीचं नंतर कळवू, म्हणत मॅडमनी अर्ज पिशवीत ठेवला.

परतताना रिक्षात आम्ही दोघंच. एवढा वेळ कशाला वाजवत बसलीस, मी विचारलं.

"माह्या टायमाले एसटी दारासमोर थांबे. मी दप्तर घेऊन दाराच्या आत उभी होती. गाडीनं दोन हॉर्न मारले अन् निंघून गेली. तिसरा वाजला असता, तं मी निंघाली असती."