चॅटरूममधला पाण्याचा तांब्या

दस्तगीरमामा टाइप करताना ओरडायचे. राजारामपुरीत माझा सायबर कॅफे होता तेव्हाची गोष्ट. बाकीची गिऱ्हाइकं लाकडी खुराड्यांत तोंड लपवून काय काय लिहीत असायची ते देवालाच ठाऊक, पण तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर काय लिहिलं जातंय ते समोरच्या पानपट्टीपर्यंत ऐकू जायचं. "या पावणं. बसा. पाणी घ्या." एकदा झेरॉक्सची चौकशी करायला आलेले एक गृहस्थ हे ऐकून निमूट आत येऊन बसले. मामांचं त्यांच्याकडे लक्षही नव्हतं.

मामा शिरोलीच्या एका फौंड्रीतून निवृत्त झालेले. ओतलेल्या लोखंडाच्या कडा ग्राइंडरवर घासून साफ करायच्या, हे त्यांचं जन्मभराचं काम. त्या आवाजानं दोन्ही कान गेले. आपला आवाज केवढा लागतो ते त्यांना कळायचं नाही, आणि त्यांना काही सांगायचं तर कागदावर लिहून द्यावं लागायचं. ऐकू न येणाऱ्या मराठी माणसांची एक चॅटरूम आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि ते रोज अकराच्या ठोक्याला हजर व्हायला लागले. सोबत घरून भरून आणलेला पाण्याचा तांब्या.

त्या चॅटरूममध्ये सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. जुन्या मंडळींचा तो अड्डाच होता. कानातलं मशीन कुठल्या कंपनीचं चांगलं यावरून त्यांचे वाद रंगायचे. नवीन कुणी 'हॅलो' म्हणत आलं तर ढुंकूनही बघायचे नाहीत. एकदा सोलापूरच्या एक बाई आल्या. मशीन कानात शिट्टी मारतं, काय करू, असं विचारलं, दहा मिनिटं वाट पाहिली आणि गेल्या.

"गेली की बाई दारातनं," मामा कडाडले. सगळा कॅफे दचकला. "पाणी इचारलं का कुणी? पावणं आल्यावर आदी पाणी देत्यात, मग काम इचारत्यात. ही कसली मानसं म्हनायची?"

त्या दिवसापासून मामांनी दारच धरलं. नवीन नाव दिसलं रे दिसलं की 'या पावणं, बसा, पाणी घ्या.' मग गाव कुठलं, जेवलासा का, कान डावा का उजवा. शिट्टी का वाजते ते त्यांनी कानाच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणलं आणि सोलापूरच्या बाई परत येईपर्यंत तो कागद खिशात सांभाळला. बाई आल्या. कानातला साचा सैल झालाय, बदलून घ्या, असं मामांनी सांगितलं. बाई टिकल्या. हळूहळू आणखीही काही जण टिकले. इथं काय लग्नकार्य चाललंय का, असं जुनी मंडळी कुरकुरायची. मामा ढिम्म.

अडचण निघाली ती वेगळीच. मामा सगळं कॅपिटलमध्ये लिहायचे आणि इंटरनेटवर त्याला ओरडणं समजतात. मी तसं लिहून दाखवलं तर मलाच म्हणाले, "ताई, कीबोर्डावर समदी मोठीच अक्षरं छापल्यात. बारकी कुठं हायत दाव." मला दाखवता येईनात. शेवटी चॅटरूम चालवणाऱ्या गृहस्थांनी आरडाओरडा केल्याबद्दल मामांना काढून टाकलं. ऐकू न येणाऱ्यांच्या खोलीतून. मला एवढा संताप आला की मी त्या गृहस्थांना सणसणीत ईमेल लिहिली. उत्तर आलं नाही.

मामा चिडले नाहीत. "बारकी शिकीव," एवढंच म्हणाले.

मी तीन नंबरच्या एकेका बटणावर बारक्या अक्षराचा कागद चिकटवला. लोखंड घासून जाड झालेलं त्यांचं बोट आठवडाभर ती अक्षरं शोधत फिरलं. चुकलं की पुसायचे, पुन्हा लिहायचे. मग आम्ही नवीन नाव घेतलं आणि मामांनी बारक्या अक्षरांत लिहिलं, 'हॅलो'. तोंडानं चकार शब्द नाही.

मी त्यांच्या मागं उभी होते. मामा नसताना तिथं सगळं पहिल्यासारखं झालं असेल तर?

पहिलं उत्तर सोलापूरच्या बाईंचं आलं. सगळं कॅपिटलमध्ये. 'या पावणं, बसा, पाणी घ्या.' त्यांच्यापाठोपाठ आणखी तिघांचं, तेच आणि तसंच मोठ्या अक्षरांत. कंपन्यांवरून भांडणारे एक जुने आजोबासुद्धा 'जेवलात का' म्हणून विचारते झाले.

मी घाईघाईनं कागदावर लिहिलं, 'सांगा की तुम्ही कोण ते.'

मामांनी कागद वाचला आणि पालथा घातला. "नगं ताई," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू निघू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. "पयल्यांदा आलतो तवा तीन दिस हॅलो लिवलं, कुनी बोललं न्हाय. घरातबी खुणेनंच जेवाय बोलिवत्यात. मला या म्हनाय कोन हाय? आज म्हनाल्यात. जरा येळ पावणाच ऱ्हातो."

आणि शेजारचा तांब्या उचलून ते घटाघटा पाणी प्यायले.