मन्मथअप्पांचा न दिसणारा दोरा

उदगीरला मन्मथअप्पांच्या दुकानात बटणं घ्यायला गेलं की आधी परीक्षा द्यावी लागायची. काउंटरवर पाण्यानं भरलेला काचेचा पेला, पेल्यावर आडवी काडी आणि काडीला बांधून पाण्यात सोडलेले दोरे. अप्पा पेला आपल्यापुढं सरकवायचे आणि विचारायचे, "किती हायेत?"

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला शर्टाची दोन बटणं हवी होती. पेल्यात बघून मी म्हणालो, "दोन."

"नीट बघा की वो."

मी चष्मा पुसला. "दोनच."

अप्पांनी काडी उचलली. तीन दोरे निथळत वर आले. अप्पा असे हसले की जणू मी त्यांना बक्षीस दिलं. "शिकलेल्या माणसाला दिसंना! मंग माशाला काय दिसतंय?"

मी बी.ए. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि हे मी विचारल्याशिवायही सांगतो. तीन दोरे मला दोन दिसावेत ही गोष्ट झोंबली. पण त्याहून मोठं कोडं वेगळंच होतं. अप्पा लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, घरात कधी अंडंसुद्धा शिजलं नाही. आणि हा माणूस माशाच्या डोळ्याची काळजी करत होता. बटणं घरी लावून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेलो. यावेळी काहीच घ्यायचं नव्हतं.

अप्पांचं दुकान शिवणसामानाचं. रिळं, बटणं, अस्तर, लेस. बापानं त्यांना दोरा चिमटीत धरून ओळखायला शिकवलं होतं, आणि ही विद्या त्यांनी थेट गळापर्यंत नेली होती. मासा धरायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा, असा त्यांचा नाद. आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ताटातली भाकर बघून उठल्यावानी झालं की ह्ये."

"परत्येक दोऱ्याला सोभाव असतो, सायेब," अप्पा सांगायचे. "रिळावरचा ह्यो मेन दोरा. येणीवानी गुंफलेला, लई ताकदीचा. पण माशाला लांबून दिसतो. मनून त्याच्या म्होरं हातभर ह्यो जोडायचा. ह्येला लीडर मंतेत. फ्लु-रो-कार्बन!" हा शब्द ते मंत्रासारखा सुटा सुटा म्हणायचे. "साधं नायलॉन पाणी पितंय अन् ढिलं पडतंय. ह्यो निर्जळी उपास करणारा दोरा हाय. पाण्यात ऱ्हाऊन थेंब पीत न्हाई."

हा उपाशी दोरा कुरियरनं यायचा आणि आला की त्याचे हाल सुरू व्हायचे. शेजारच्या किराणा दुकानातलं पाच किलोचं वजन त्याला टांगून अप्पा मनात शंभर मोजायचे. एकदा साठावर दोरा तुटला आणि वजन खाली बसलेल्या टेलरच्या अंगठ्यावर पडलं. "तुमचं लागल्यालं ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले, "कुठनं तुटला त्ये बघा आधी. गाठीतनं की मधनं?" दगडावर घासून किती टिकतो हे बघायला त्यांनी महानंदाकाकूंची, म्हणजे बायकोची, पाय घासायची वजरी पळवली होती. गाठ आवळायच्या आधी ओली करावी लागते, नाहीतर ती तापून कमजोर होते. बाकीचे लोक थुंकी लावतात. अप्पांना उष्टं चालत नाही, म्हणून त्यांच्या खिशात अत्तराची रिकामी बाटली असायची, पाण्यानं भरलेली. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "माणसाला प्यायला न्हाई, अन् ह्ये गाठीला पाणी पाजायलेत."

त्याच दिवसांत उदगीरचा जिल्हा व्हावा म्हणून गावात बैठका चालायच्या. एका बैठकीत अप्पा मागं बसून खिशातला दोरा चाचपत होते. कुणीतरी विचारलं, "अप्पा, तुमचं मत?" अप्पा तंद्रीत होते. म्हणाले, "लीडर पातळ करा, तरच काम व्हतंय." टाळ्या पडल्या. पुढच्या बैठकीला त्यांना व्यासपीठावर बसवलं. तिथंही ते दोराच चाचपत होते.

एवढं सगळं कशासाठी, हे मला कळेना. नुसत्या नादासाठी माणूस इतका बेचैन नसतो. एक दिवस बोलता बोलता मी माझं गाव सांगितलं. अप्पांचा हात थांबला.

"तलाव हाय न्हवं का तिथं? पाळूला बाभळी असलेला?"

"हाव. आता डबकंच उरलंय."

अप्पांनी बाहेर बघितलं, आवाज उतरवला. दोन वर्षांपूर्वी आमच्या त्या तलावात त्यांच्या गळाला एक मरळ लागली होती. हाताएवढी जाड, डोक्यावर पांढरा डाग. दोरा साधा, स्वस्तातला. तुटला. गळ तिच्या तोंडातच राहिला.

"दोन वर्सं झाली, ती तोंडात लोखंड घेऊन फिरायली," अप्पा म्हणाले. "खात कशी आसंल? मी जेवाया बसलो की मला त्येच दिसतंय, सायेब. कुणाला सांगावं? आमच्यातले मनतील, लिंग बांधून मासं कशाला धरलास. मासं खाणारे हासतील. घरात बी बोलू नका."

मला हसू आलं नाही.

तिला पुन्हा धरून गळ काढायचा, तर अडचण अशी होती की ती मरळ शहाणी झाली होती. मरळ हवा घ्यायला थोड्या थोड्या वेळानं वर येते, त्यामुळं अप्पा गेले की दिसायची, पण जाड दोरा दिसला की वळायची. पातळ दोरा टाकावा तर तो पुन्हा तुटायचा आणि तोंडात दुसरा गळ राहायचा. अप्पा पेल्यात बघत बसायचे ते यासाठी. त्यातच आमच्याकडं रीत अशी की तलाव आटत आला, की एक दिवस ठरवून सगळं गाव मासे धरायला चिखलात उतरतं. त्या वर्षीचा दिवस रविवार ठरला. मी ही बातमी बुधवारी अप्पांना दिली.

"रविवार?" अप्पा म्हणाले. "अय्यो शिवा."

आणि वर आंघोळीचं संकट. काकूंचा कायदा जुना होता: माशाला हात लावला की परसात डोक्यावरनं आंघोळ, मगच उंबरा. टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. काकूंनी जाहीर केलं होतं, "आंघोळीला पाणी न्हाई, तवर मासं बी न्हाई." तेव्हा अप्पांनी मुकाट्यानं अंग धुणं बंद केलं आणि आपल्या वाटणीचं पाणी एका कॅनमध्ये साठवायला लागले. घरात ठेवलं तर कुणीतरी वापरील, म्हणून कॅन कायम स्कूटरवर. चार दिवसांत दुकानातली गिऱ्हाइकं काउंटरपासून जरा लांब उभी राहायला लागली.

गुरुवारी अप्पांनी जाड दोरा लावला. मरळ वर आली, हवा घेतली, वळली. शुक्रवारी मधला. तिनं आमिषापाशी येऊन बघितलं आणि निघून गेली. आमिष म्हणजे रबरी गांडूळ, कारण खरं मारणं अप्पांना मंजूर नव्हतं. शनिवारी दिवस उगवायला आम्ही पुन्हा पाळूवर, तलावाच्या बांधावर. दादा बाभळीखाली बिडी ओढत बसले होते. डबक्यातलं पाणी संथ होऊन इतकं निवळलं होतं की तळाचा शिंपला दिसत होता.

अप्पांनी पातळ दोऱ्याचं रीळ काढलं. ठेवलं. मधलं काढलं. ठेवलं. मग पुन्हा पातळ घेतलं.

"तुटला तर?" मी विचारलं.

"शिवताना दोरा कधी तुटतो, सायेब? हात ताठ असला की." त्यांनी काठीवरच्या रिळाचा खटका ढिला केला. "आज तिला पायजे तेवढा दोरा दिऊ. वढायचं न्हाई." मग गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट केला, अत्तराच्या बाटलीतनं गाठीवर एक थेंब सोडला आणि आवळली.

पाण्यात दोरा मला दिसला नाही. मरळीलाही दिसला नाही.

त्यानंतर जवळजवळ अर्धा तास ती पळत होती आणि अप्पा दोरा सोडत होते. ती थांबली की बोटभर गुंडाळायचे, पळाली की हातभर द्यायचे. पूर्ण वेळ तिच्याशी बोलत होते. "जा बाई. जा. दमलीस का? ये मंग. न्हाई? बरं, जा." दादांनी बिडी विझवली आणि उभे राहिले. डबक्याचा सगळा चिखल वर आला होता. शेवटी ती आडवी होऊन काठाला आली. डोक्यावर पांढरा डाग.

अप्पांनी ओल्या फडक्यात तिला धरलं. आताचा गळ अलगद सुटला. मग तोंड उघडून त्यांनी जुना शोधला. डावीकडं, उजवीकडं, टाळूला. बोटाला दात लागून रक्त आलं. गळ नव्हता. ओठाच्या कडेला तांदळाएवढा पांढरा वण होता, बस्स.

"गंजून पडला आसंल," दादा म्हणाले. "कवाच. दोन-चार महिन्यांत पडतोय त्यो. आमाला इचारलं आस्तं तर सांगितलं आस्तं की."

अप्पा त्या वणाकडं बघत राहिले. "मला कुणाला इचारायचं त्येच ठावं नव्हतं," ते म्हणाले.

उद्या गाव चिखलात उतरायच्या आत मरळीला दुसरीकडं न्यायला त्यांनी झाकणाचा पिठाचा डबा आणला होता. दादांनी त्यात डबक्यातलं पाणी भरलं तर निम्मा गाळच आला. अप्पांनी डबा उलटा केला, स्कूटरवरचा कॅन उतरवला आणि चार दिवसांचं आंघोळीचं पाणी त्यात ओतलं.

"आवो, मरळ हाय ती, चिखलात बी जगती!" दादा ओरडले.

"जगती. पर आज न्हाई ठिवायची," अप्पा म्हणाले.

गावाबाहेरच्या महादेवाच्या बारवेत तळाला पाणी होतं आणि आसपास मासे खाणारं कुणी नव्हतं. तिथं आम्ही तिला सोडलं. एक वळसा घेऊन ती खाली गेली. अप्पा पायरीवर बसून राहिले. ती हवेला वर आली तेव्हा उठले.

घरी परसदारात काकू उभ्या होत्या. त्यांनी कॅन हलवून बघितला. रिकामा. अप्पा परसातच थांबले, उंबऱ्यापासून चार हात लांब, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे. आता काय होतंय म्हणून मी गळाच्या काठ्या भिंतीला टेकवत रेंगाळलो.

काकू म्हणाल्या, "निघाला का गळ तिचा?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. मी शब्द बोललो नव्हतो.

"तुला कुणी सांगितलं?"

"दोन वर्सं झोपंत बडबडायलाव. मी काय भैरी हाव?"

अप्पा खाली बघून म्हणाले, "आधीच निघाला व्हता."

"बरं झालं की मंग."

काकू आत गेल्या आणि अर्धी बादली घेऊन आल्या. "माझ्या वाटणीचं हाय. बसा खाली." अप्पा दगडावर बसले. काकूंनी तांब्या बुडवला आणि त्यांच्या डोक्यावर हळूहळू धार धरली, थेंब वाया न घालवता.

"दोन वर्सं मला सांगाया काय झालं व्हतं?" त्या म्हणाल्या.

अप्पा डोळे मिटून बसले होते, आणि तोंडावरनं पाणी वाहत होतं.