चक्कर प्रत्यक्ष दाखवावी लागेल

नोंदणी कचेरीतले हेडक्लार्क सोमवारी सकाळी उजव्या कुशीवर वळले आणि छत गरागरा फिरू लागलं. त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली. बायकोने वर पाहून खात्री केली.

"अहो, छत जागेवरच आहे. तुमचंच काहीतरी फिरलंय."

आठ दिवस ते भिंत धरून चालले. नवव्या दिवशी कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना झटकन आडवं केलं, मान खाटेच्या कडेवरून खाली लोंबकळत ठेवली आणि थरथरणारे डोळे पाहून म्हणाल्या, "कानातले बारीक खडे जागा सोडून भटकलेत." मग डोकं हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे वळवून त्यांनी खडे घरी पोचवले. पाच मिनिटांत छत थांबलं.

हेडक्लार्क उड्या मारतच कामावर रुजू झाले. तिथेच घात झाला. आठ दिवसांची रजा वैद्यकीय मंडळाच्या शिक्क्याविना मंजूर होत नव्हती, आणि रजा नामंजूर म्हणजे बावीस वर्षांच्या सेवेत खंड.

मंडळात तीन सभासद होते. अध्यक्षांनी विचारलं, "चक्कर येते?"

"आता नाही, साहेब. बरा झालो."

"कोणाच्या परवानगीने?"

हेडक्लार्कांनी पुढे केलेली डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी अध्यक्षांनी बाजूला सारली.

"मंडळाने पाहण्यापूर्वी रोग परस्पर नाहीसा करणं ही गंभीर बाब आहे. चक्कर प्रत्यक्ष दाखवावी लागेल."

हेडक्लार्कांनी जिवाच्या आकांताने डोकं हलवलं, कुशी बदलल्या, टेबलावर मान लोंबकळवली. खडे काही हलेनात. शेवटी फिरती खुर्ची मागवण्यात आली. ती नियमानुसार फिरते का, हे तपासायला अध्यक्ष स्वतः बसले. उरलेल्या दोघांनी मनापासून फिरवलं.

अध्यक्ष उतरले ते थेट कपाटावर आपटले. चक्कर मंडळासमक्ष आल्याने त्यांना आठ दिवसांची रजा जागच्या जागी मंजूर झाली. त्यामुळे गणसंख्या भरेना आणि हेडक्लार्कांचं प्रकरण तहकूब झालं.

ते खिडकीपाशी पुढची तारीख विचारायला गेले. कारकुनाने अर्ज चार वेळा उलटासुलटा केला. "दोन महिन्यांनी या. नवा फॉर्म, जुन्या तारखेचा."

हेडक्लार्कांच्या पायाखालची फरशी सरकली. ते आनंदाने ओरडले, "आली! आली! बघा, चक्कर आली!"

"ही नवीन," कारकून मान वर न करता म्हणाला. "हिचा अर्ज वेगळा."

रांगेतले सगळे खो खो हसले. तुम्हीही हसलात ना? हसा, पण पुढे सरकत राहा. खिडकी एक वाजता बंद होते.