सगुणा सांबरीण आणि उन्हाची गोळी

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांची तब्येत उत्तम होती. त्यामुळे कोणाला बोलायला विषय नव्हता.

त्या जंगलात सगुणा नावाची एक सांबरीण राहायची. अंगानं भरलेली, स्वभावानं शांत. सकाळी कोवळा पाला खायची, दुपारी ओढ्याकाठी रवंथ करत बसायची, अंधार पडला की नवऱ्याच्या शेजारी झोपायची. नवऱ्याचं नाव भीमाजी. त्याची शिंगं मोठी होती आणि बोलणं कमी होतं.

सगुणाचं नाक मात्र साऱ्या जंगलात नावाजलेलं होतं. वाघ टेकडीच्या पलीकडे असला तरी तिला अलीकडे वास यायचा. मग ती पाय आपटून "पोंक!" असा आवाज काढायची. तो आवाज ऐकला की ओढ्यावरचे सगळे प्राणी पळून जायचे. वाघ येऊन बघायचा तर ओढ्यावर नुसतं पाणी. बिचारा तेवढंच पिऊन परत जायचा.

असं छान चाललं होतं. तेवढ्यात शहरातून उत्कर्षराव आले.

उत्कर्षराव म्हणजे एक लंगूर. तीन वर्षं शहरात काढून आलेले. तिथे काय करत होतात, असं विचारलं की म्हणायचे, "औषधांच्या क्षेत्रात होतो." खरं म्हणजे ते एका औषधाच्या दुकानासमोर लिंबाच्या झाडावर बसायचे. दुकानदार जुन्या बाटल्या मागच्या उकिरड्यावर टाकायचा. उत्कर्षरावांनी त्या गोणीत भरून आणल्या. बाटल्यांवर तारखा छापल्या होत्या, पण जंगलात वाचता कोणाला येतं?

वडाच्या ढोलीत त्यांनी दुकान मांडलं. नारंगी गोळी ताकदीची, लाल गोळी डोळ्यांची. आणि सगळ्यात भारी होती ती पिवळी, उन्हाची गोळी.

"उन्हात जे काही असतं, ते सगळं हिच्यात आहे," ते सांगायचे. "हाडं लोखंडासारखी होतात."

गोळ्यांच्या बदल्यात ते आवळे आणि पेरू घ्यायचे. गिऱ्हाइकं गोळ्या खायची, उत्कर्षराव आवळे खायचे. त्यांची कांती अशी तुकतुकीत झाली की लोक म्हणाले, बघा, गोळ्यांचा गुण!

सगुणा काही दुकानाकडे फिरकली नव्हती. पण एके दिवशी तिची शेजारीण इंदू चितळीण तिला म्हणाली, "सगुणाताई, चेहरा उतरलाय हो तुमचा."

"सांबरांचा चेहरा असाच असतो. लांबट."

"तसं नव्हे. थकवा दिसतो. दुपारच्या बसून असता तुम्ही."

"अगं, रवंथ करायला बसते."

"पूर्वी मलाही तसंच वाटायचं," इंदू म्हणाली आणि खिन्नपणे हसली.

सगुणानं त्या दिवशी ओढ्याच्या पाण्यात आपला चेहरा तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा तो खरंच उतरलेला दिसला.

दुसऱ्या दिवशी ती वडाखाली गेली. उत्कर्षरावांनी तिची जीभ बघितली, पापणी ओढून बघितली, खुरांवर टकटक केली. मग त्यांनी दीर्घ श्वास सोडला.

"वहिनी, कमी आहे."

"काय कमी आहे?"

"तेच तर! वरून कळू नये इतकं आतून कमी आहे."

"पण मला काहीच होत नाही, भाऊजी."

"हेच पहिलं लक्षण."

सगुणा घाबरली. तरी तिनं विचारलं, "याचा काही त्रास नाही ना व्हायचा?"

"वहिनी, त्रास औषधानं होतो. हे औषध नाही, हे पूरक आहे. समजा जास्त झालं, तरी चांगलंच जास्त होणार ना?"

यात चूक कुठे आहे हे सगुणाला सापडेना. तिनं तिन्ही रंगांच्या गोळ्या सुरू केल्या.

भीमाजी म्हणाला, "तुझ्या तोंडाला वास येतो." आणि तो चरायला निघून गेला.

पहिले काही दिवस सगुणाला फार हुशारी वाटली. इंदू रोज एक पिवळी घेते हे कळल्यावर तिनं दोन सुरू केल्या. मग इंदूनं तीन. मग सगुणानं पाच. हळूहळू सगळं जंगलच रांगेला लागलं. उन्हाची गोळी मिळावी म्हणून प्राणी सकाळपासून दुपारपर्यंत भर उन्हात उभे राहायचे. रांगेत पुढे राहावं म्हणून चरणंही सोडायचे. आता बोलायला विषयच विषय होते.

जंगलात एक वैद्यही होता. दाजिबा साळिंदर. अंगावर काटे आणि जिभेवरही काटे, त्यामुळे त्याच्याकडे कोणी हौसेनं जात नसे. रांग पाहून तो म्हणाला, "ती नारंगी गोळी तुम्ही खाता आणि तशीच मुतून टाकता. रांगेशेजारच्या जांभळाखालची माती फार सशक्त झालीय तुमच्यामुळे." लोकांना ते बोलणं असंस्कृत वाटलं.

आता ऐका, मुलांनो, पुढे काय झालं.

टेकडीमागे एक खोल दरी होती. तिथे दरड कोसळून वाट बंद झाली होती, आणि गिरजा नावाची नीलगाय आपल्या तान्ह्या लेकीसह चार महिने एका कपारीत अडकून पडली होती. तिथे ना ऊन, ना पुरेसा चारा. माय वाळली, तिचं दूध आटलं. शेवटी रानगव्यांनी दगड सारून दोघींना बाहेर काढलं. लेक उभी राहिली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं, तिचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले होते. तिचं नाव चिमी.

दाजिबानं चिमीला तपासलं. तो म्हणाला, "मुडदूस आहे. उन्हात ने, पोटभर पाज. पण नुसत्या उन्हावर आता निभायचं नाही. हिला ती पिवळी गोळी लागेल. रोज अर्धी. त्या गोणीतली चांगली बाटली कोणती ते मी हुंगून देतो."

गिरजा वडाखाली गेली. उत्कर्षरावांनी हात जोडले. "ताई, पिवळी संपली. शेवटची बाटली सगुणावहिनींनी नेली."

गिरजा लेकीला घेऊन सगुणाच्या करवंदीच्या जाळीपाशी आली. चिमी दोन पावलं टाकायची आणि बसायची.

"सगुणाताई, तुमच्याकडे पिवळ्या गोळ्या आहेत म्हणे. थोड्या द्याल का? रोजच्या अर्ध्याचंच काम आहे."

सगुणानं बाटलीकडे पाहिलं. बाटली अर्धी राहिली होती. रोजच्या सातच्या हिशेबानं ती महिनाभरच पुरली असती.

"इतक्या लहान वयात गोळ्यांची सवय लावू नये गं, गिरजे," ती मायेनं म्हणाली. "नैसर्गिक ते चांगलं. ऊन खाऊ दे तिला."

"खातेच आहे, ताई. पण दाजिबाकाका म्हणाले, फार उशीर झालाय, नुसत्या उन्हानं व्हायचं नाही."

"नवीन माल आला की पहिली बाटली तुझी. नक्की."

गिरजा लेकीला पुढे घालून हळूहळू निघून गेली. सगुणाला वाईट वाटलं. वाईट वाटल्यामुळे अशक्तपणा आला. म्हणून तिनं एक गोळी घेतली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सगुणाला तहान लागायला लागली. किती पाणी प्यायलं तरी घसा कोरडाच. पाणी प्यायचं, आडोशाला जायचं, पुन्हा पाणी प्यायचं. पाला समोर आला की मळमळायचं. पोट साफ होईना. कुशीत कळ यायची. हाडं ठणकायची. डोक्यात धुकं भरल्यासारखं व्हायचं. जाळीतून बाहेर यायची आणि कशाला आले ते विसरायची.

तिनं उत्कर्षरावांना सांगितलं, "भाऊजी, हाडं दुखतात."

"वा! म्हणजे गोळी हाडांपर्यंत पोचली," ते म्हणाले. "आता सोडू नका. उलट एक वाढवा."

भीमाजी मात्र तिला दाजिबाकडे घेऊन चालला होता. सगुणा म्हणाली, "तो गोळ्या बंद करायला सांगेल."

"मग बंद कर."

"आणि बंद करून मला काही झालं तर?"

भीमाजी तिला पुन्हा पाण्यावर घेऊन गेला. तिला काय काय होत होतं हे तोच रोज बघत होता.

मग ती सकाळ आली. सूर्य उगवल्यापासून सगुणा चौथ्यांदा ओढ्यावर आली होती. चितळं पाणी पीत होती. गिरजा आणि चिमी काठावर कोवळ्या उन्हात बसल्या होत्या. सगुणा पाण्यात उभी आहे म्हटल्यावर कोणी मान वर करून बघतही नव्हतं.

वाघ टेकडी उतरला. सगुणाला वास आला. पण हल्ली तिला सगळ्याचाच काहीतरी वास यायचा. तिला वाटलं, हा आपल्याच तोंडाचा. ती पुन्हा पाणी प्यायला वाकली.

वाघ गवतात आला. गवत हललं. सगुणाचा पाय आपटला गेला नाही, तोंडातून आवाज निघाला नाही.

वाघानं झेप घेतली तेव्हा एकच पळापळ झाली. चितळं चारी दिशांना उधळली. चिमी उठली, वाकडे पाय एकमेकांत अडकले आणि ती तोंडावर आपटली. गिरजा चार उड्या पुढे गेली होती. ती मागे वळली. तिला शिंगं नव्हती. तरी ती येऊन लेकीच्या अंगावर आडवी उभी राहिली आणि वाघाकडे पाठ करून लाथा झाडायला लागली. वाघाचा पंजा तिच्या मांडीवर बसला. रक्ताची धार लागली.

तेवढ्यात झाडीतून भीमाजी शिंगं रोखून आला. वाघानं दोघांकडे पाहिलं. इतक्या सकाळी इतकी दगदग त्याला परवडणारी नव्हती. तो गुरगुरत निघून गेला.

सगुणा गुडघाभर पाण्यात तशीच उभी होती. काठावर चिमी उठायचा प्रयत्न करत होती. एकदा पडली. पुन्हा उठली. पुन्हा पडली.

सगुणा पाण्यातून बाहेर आली आणि जाळीकडे गेली. तोंडात बाटली धरून परत आली. ती तिनं गिरजापुढे ठेवली. काहीतरी बोलायचं होतं, पण काय ते आठवेना. आणि ती तिथेच कोसळली.

दाजिबा आला. त्यानं आधी गिरजाच्या जखमेवर पाला बांधला, मग सगुणाचं पोट दाबून पाहिलं.

"किती घेत होतीस?"

"आठ."

"नारंगी असती तर धुऊन तरी गेली असती. ही पिवळी अंगातल्या चरबीत बिऱ्हाड करते. बोलावली की लगेच येते, घालवली तर लगेच जात नाही. तुझ्या रक्तात चुना झालाय, सगुणे. कुशीत खडे आहेत."

"मग आता कोणती गोळी घेऊ, काका?"

दाजिबाचे काटे उभे राहिले. "कोणतीच नाही! पाणी पी, पाला खा, सावलीत पड. दोन महिने."

दोन महिने सगुणा पडून राहिली. भीमाजी रोज तिला हळूहळू ओढ्यावर न्यायचा आणि आणायचा. खडे पडले तेव्हा तिचं ओरडणं टेकडीपर्यंत ऐकू गेलं. मग हळूहळू तहान कमी झाली. डोक्यातलं धुकं विरलं. पाल्याला चव आली. एक दिवस तिला अचानक वास आला, तिनं पाय आपटून "पोंक!" केलं, आणि ओढा रिकामा झाला. भीमाजी त्या दिवशी तिच्याजवळच चरला.

चिमी रोज अर्धी गोळी घेत होती. दाजिबा समोर बसून द्यायचा आणि बाटली स्वतःच्या बिळात ठेवायचा. उन्हाळा संपता संपता तिचे पाय बरेच सरळ झाले. मग दाजिबानं तीही गोळी बंद केली. चिमी पळायला लागली. गिरजा मात्र एका पायानं लंगडत राहिली, ती कायमचीच.

याच सुमाराला उत्कर्षराव शहरातून नवी गोणी घेऊन आले. या खेपेला गोळी हिरवी होती. वडाखाली सगळे जमले.

"मंडळी, तुमच्या अंगात जुन्या गोळ्यांचा गाळ साचलाय," उत्कर्षराव म्हणाले. "हिरवी गोळी तो उपसून काढते. सगुणावहिनींकडे बघा! कशा ठणठणीत झाल्यात!"

सगळ्यांनी माना वळवल्या.

"हो ना, सगुणाताई," इंदू म्हणाली. "काय घेतलंत हो तुम्ही?"

"काहीच नाही," सगुणा म्हणाली. खरंच होतं ते.

इंदूनं नाक मुरडलं.

"सांगायचं नसेल तर राहू दे," इंदू म्हणाली. "प्रत्येकाचा स्वभाव असतो."

दुसऱ्या दिवसापासून सगुणा ओढ्यावर आली की चितळं थोडी बाजूला सरकायची. कोणी म्हणालं, स्वतः बरी झाली आणि दुसऱ्याला नाव सांगत नाही. कोणी म्हणालं, आधी लेकरालासुद्धा गोळी दिली नव्हती तिनं, माहीत आहे ना? हे शेवटचं बोलणं सगुणाच्या कानावर पडलं. ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

चौथ्या दिवशी ती इंदूशेजारी जाऊन उभी राहिली. बराच वेळ पाणी पीत राहिली. मग खाली बघत म्हणाली, "हिरवी."

"काय?"

"हिरवी घेतली होती मी. रोज दोन."

इंदूचा चेहरा खुलला. "मला वाटलंच होतं!" ती म्हणाली आणि वडाकडे धावत सुटली. तिच्यामागून सगळी चितळं धावली. जाता जाता प्रत्येकीनं सगुणाची प्रेमानं चौकशी केली.

दाजिबा तिथेच काठावर औषधी मुळं खणत होता. त्यानं सगळं ऐकलं. मग त्यानं खड्डा आणखी मोठा केला आणि जास्तीची मुळं काढून ठेवली. पुढच्या महिन्यात लागणार होती.

तात्पर्य: मुलांनो, खरी गरज असेल तर गोळी मागायला उशिरा जाऊ नका, ज्यांना गरज नसते ते सगळे आधीच नंबर लावून असतात. आणि काहीही न घेता बरे झालात, तर चारचौघांत निदान एखादा रंग तरी सांगा.